शेजाऱ्यांची यादी

"हा कोड कुणाचा आहे?" देवस्थळी सरांनी विचारलं.

मे महिन्यातली दुपार होती. पंखा जोरात फिरत होता आणि टेबलावरचा छापलेला ईमेल उडू नये म्हणून सरांनी त्याच्यावर स्वतःचा चष्मा काढून ठेवला होता. टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या. एकीवर प्रल्हाद इंगळे, दुसरीवर मी.

"माझा आहे, सर," इंगळे म्हणाले.

"सगळा?"

"सगळा."

"तो यादीचा भागसुद्धा?"

"सर, पेपरवर पहिलं नाव माझं आहे. कोड माझा आहे."

सरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तनुजा, तू जानेवारीपासून याच्या शेजारी बसतेयस. तुला काही सांगायचंय?"

"नाही, सर," मी म्हणाले.

सरांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला. कागद उडून माझ्या पायाशी पडला. मी तो उचलून टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं बाहेर पडलो. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

या गोष्टीला आता सोळा वर्षं होतील. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत पीएचडीच्या पहिल्या वर्षाला. इंगळे पाचव्या वर्षाला होते. ते मूळचे मेहकरचे. वडील एसटीत कंडक्टर होते. घरात दहावीच्या पुढे गेलेलं आधी कुणी नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे सेमिनारमध्ये इंग्रजीत बोलताना ते प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घेत आणि मग सावकाश बोलत. नवख्या माणसाला वाटायचं, यांना विषय येत नाही. प्रत्यक्षात आमच्या गटात त्यांच्याइतका विषय कुणालाच येत नव्हता, आणि हे सरही कबूल करत.

आमचं काम होतं ते असं. काही वायू इतके थंड करता येतात की तापमान निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, अंशाच्या काही कोट्यंश भागावर येतं. तिथे हजारो अणू सुटे सुटे राहत नाहीत, सगळे मिळून एकच असल्यासारखे वागतात. अशा वायूत दुसऱ्या जातीचा एकच अणू सोडला तर काय होईल? आजूबाजूचे अणू त्याच्याभोवती गोळा होतात. तो जिकडे जाईल तिकडे हा घोळका त्याच्याबरोबर जातो, आणि त्या ओझ्याने तो जड होतो. ओढ जितकी जास्त, तितका जड. प्रश्न असा होता की ओढ वाढवत नेली तर तो परका अणू नुसताच जड होत जातो, की एका क्षणी जागच्या जागी अडकून पडतो?

प्रयोगात हे बघणं तेव्हा फार अवघड होतं. म्हणून आम्ही ते संगणकावर करत होतो. दोनेकशे अणू घ्यायचे, त्यांना लहान लहान पावलं टाकायला लावायची, प्रत्येक पावलाला कोण कुणाच्या किती जवळ आहे ते मोजायचं. अशी कोट्यवधी पावलं. इंगळ्यांच्या मूळ प्रोग्रामला एका उत्तरासाठी वीस दिवस लागत. संस्थेत लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

जानेवारीत त्यांनी मला म्हटलं होतं, "तनुजा, तुमचा हात प्रोग्रामिंगमध्ये साफ आहे. याला जरा पळवता येतं का बघा ना."

मी तीन आठवड्यांत पळवला. युक्ती साधी होती. प्रत्येक अणूच्या शेजाऱ्यांची एक यादी करायची, त्यांची अंतरंही तिच्यातच लिहून ठेवायची, आणि दर पावलाला सगळं नव्याने मोजण्याऐवजी पन्नास पावलांनी एकदा ती यादी ताजी करायची. मधल्या पन्नास पावलांत अणू असे कितीसे हलणार? वीस दिवसांचं काम अडीच दिवसांवर आलं. इंगळ्यांनी जुन्या दोन उत्तरांशी ताळा घेतला, बरोबर आला. ओढ कमी असतानाची उत्तरं होती ती. सरांनी गटाच्या बैठकीत माझं नाव घेतलं. आल्यापासून सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मग इंगळ्यांनी ओढ वाढवत नेली. एका ठिकाणी परका अणू थांबला.

त्या दिवसाचा त्यांचा चेहरा मला आठवतो.  आलेख छापला, सरांच्या खोलीत गेले, परत आले आणि मला म्हणाले, "चला, चहा घेऊ." चहा पिता पिता दोनदा हसले, स्वतःशीच.

पेपर आठवड्याभरात लिहून झाला आणि एका मोठ्या नियतकालिकाने महिन्याभरात घेतला. मेहकरच्या साप्ताहिकात बातमी आली, 'मेहकरच्या सुपुत्राचे अणुसंशोधन'. त्यांच्या वडिलांनी ते कात्रण एसटी डेपोच्या फळ्यावर लावलं. ऑस्ट्रियातल्या एका प्राध्यापकांनी पेपर वाचून इंगळ्यांना दोन वर्षांसाठी बोलावलं. ऑक्टोबरमध्ये जायचं ठरलं. पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांनी माझ्या वर्गमित्राचा कोट मागून घेतला होता, तो त्यांना खांद्यात घट्ट बसत होता.

आणि मे महिन्यात त्याच प्राध्यापकांचा ईमेल आला. त्यांच्या विद्यार्थ्याने तेच गणित वेगळ्या पद्धतीने करून बघितलं होतं. त्यांचा अणू थांबत नव्हता. जड होत होता, पण चालत राहत होता. 'आमचं काही चुकत असेल, कृपया तुमचा प्रोग्राम एकदा तपासून सांगता का?' अशी सभ्य भाषा होती.

सोमवारी ईमेल आला. सरांनी आम्हाला शुक्रवारी बोलावलं. तोवरचे चार दिवस इंगळे सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत पडद्यासमोर बसून होते. मी आले की खुर्ची माझ्याकडे वळवायचे.

मंगळवारी त्यांनी विचारलं, "तनुजा, काही दिसतंय का तुम्हाला?"

"नाही. अजून नाही."

"बघा निवांत. घाई नाही."

बुधवारी पुन्हा, "काही बोलायचंय का?"

"कशाबद्दल?"

"असंच," ते म्हणाले आणि पडद्याकडे वळले.

गुरुवारी त्यांनी काही विचारलं नाही.

शुक्रवारच्या त्या भेटीनंतर सगळं भराभर झालं. इंगळ्यांनी सरांना लेखी दिलं की शेजाऱ्यांची यादी ताजी करण्याच्या पद्धतीत चूक आहे. ओढ जास्त असली की पन्नास पावलांत अणू बरेच हलतात, पण जे निघून गेलेत तेही यादीत तसेच राहतात. मग तिथे नसलेल्या घोळक्याचं ओझं परका अणू वाहत बसतो आणि अडकतो. पत्र दीड पानाचं होतं. त्यात माझं नाव कुठेही नव्हतं. पेपर मागे घेतला गेला. नियतकालिकात चार ओळींची सूचना आली, 'प्रथम लेखकाच्या प्रोग्राममधील त्रुटीमुळे'. ऑस्ट्रियाहून कळवलं की यंदा ती जागा न भरण्याचं ठरलंय, पुढे कधी तरी जरूर कळवू. त्यांच्या प्रबंधाची पाच प्रकरणं होती, त्यातली दोन त्या उत्तरावर उभी होती. सर म्हणाले, दोन वर्षांत नव्याने करून दे. इंगळे हो म्हणाले, आणि जूनअखेर त्यांनी संस्था सोडली.

त्यांना न्यायला वडील आले होते. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, पायात जाड टाचेच्या चपला. इंगळे ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेले होते. वडील आमच्या कामाच्या खोलीत, मुलाच्या खुर्चीच्या शेजारी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"तू याच्यासंगंच काम करत होती ना, बाई?"

"हो, काका."

"मग मले एक सांग. तो तर काहीच बोलत नाही. काय चुकलं त्याचं?"

"गणितात थोडं, काका. कुणाचंही होऊ शकतं."

"पण त्यानं तर लहानपणी कधी गणित चुकवलं नाही." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "दोघं सोबत करत होते, तर मग तुह्या नाही का आलं ध्यानात?"

मी म्हणाले, "नाही."

ते मान हलवत राहिले. मग इंगळे आले, दोन पिशव्या आणि एक ट्रंक उचलून दोघं खाली गेले. मी खाली गेले नाही.

आता जे मी त्या चार दिवसांत बोलले नाही, सरांच्या खोलीत बोलले नाही आणि काकांशीही बोलले नाही, ते सांगते.

यादी माझी होती एवढंच नव्हे. यादी चुकते आहे हे मला ईमेल यायच्या कितीतरी आधी माहीत होतं. मार्चमध्ये पहिल्या वर्षाच्या सेमिनारसाठी मी एक छोटं उदाहरण घेतलं होतं, तीनच अणूंचं. त्याचं उत्तर कागदावरसुद्धा काढता येतं. प्रोग्रामचं उत्तर त्याच्याशी जुळेना. दोन तासांत मला कारण सापडलं. यादी दर पावलाला ताजी केली, उत्तर तंतोतंत जुळलं. मग भीत भीत मी इंगळ्यांचं मुख्य गणित, कमी अणू घेऊन, त्याच पद्धतीने लावलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. अणू थांबत नव्हता.

त्या दिवशी तारीख होती दहा मार्च. पेपरची शेवटची प्रत तपासून परत पाठवायची मुदत एकवीसची. तोपर्यंत एक ओळ लिहिली असती तर पेपर थांबला असता. नामुष्की नाही, सूचना नाही, काही नाही. इंगळ्यांनी सहा महिने जास्त बसून बरोबर उत्तर काढलं असतं, आणि तेही चांगलंच उत्तर होतं. पुढे त्या ऑस्ट्रियाच्या गटाचं नाव त्यावरच झालं.

कुणाला वाटेल तसं मी त्यांच्या आनंदावर विरजण नको म्हणून गप्प बसले नव्हते. पंचवीस मार्चला माझा पहिल्या वर्षाचा आढावा होता. ती यादी ही माझी एकुलती एक कमाई होती. ती चुकीची निघाली तर मला ठेवतील की घरी पाठवतील, एवढाच विचार मी केला. स्वतःला सांगितलं की कमी अणूंमुळे उत्तर वेगळं आलं असेल, दोनशे अणूंना कदाचित थांबतही असेल. मग प्रोग्रामच्या माझ्या कॉपीत मी चूक दुरुस्त केली. त्यांच्या कॉपीला हात लावला नाही. आढावा छान पार पडला.

पुढे त्याच दुरुस्त कॉपीवर माझी पीएचडी झाली. मग दोन वर्षं परदेशात, मग नोकरी. आता मीही विद्यार्थी सांभाळते. इंगळ्यांनी प्रबंध कधीच दिला नाही. ते मेहकरला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात असं कळलं होतं. दिवाळीला मी एकदा फोन केला होता, त्यांनी उचलला, चौकशी केली, आवाज नेहमीचाच.

दोन वर्षांपूर्वी मला बुलढाण्याला एका कार्यशाळेत व्याख्यानाला बोलावलं. कार्यशाळा संपल्यावर मी गाडी करून मेहकरला गेले. आधी कळवलं होतं. घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, पुढच्या खोलीत बाकं आणि फळा. संध्याकाळी तिथे बारावीचे क्लास चालतात. इंगळ्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. त्यांची पत्नी सुनंदा वहिनी हसऱ्या, बोलक्या. मला बघून म्हणाल्या, "यांच्या पुण्याच्या गोष्टीत तुमचं नाव येते नेहमी. लई हुशार पोरगी होती म्हणतात."

वहिनी आत गेल्या. आम्ही दोघं बाकांच्या खोलीतच बसलो. मी फार वेळ काढला नाही, काढला असता तर बोलू शकले नसते.

"इंगळे, मी त्या यादीबद्दल बोलायला आलेय. ती मी लिहिली होती."

ते हसले. "हे सांगायला एवढ्या दूर आल्या? मला का माहीत नव्हतं?"

"तरी सरांसमोर तुम्ही ती स्वतःची म्हणालात."

"चूक मला सोमवारीच सापडली होती. ईमेल आला त्याच संध्याकाळी." ते फळ्याकडे बघत बोलत होते. "मग मी वाट पाहिली. शुक्रवारपर्यंत. म्हटलं, तनुजा येतील, म्हणतील, इंगळे, ते माझ्याकडून झालं. बस, एवढंच. मी म्हणणार होतो, होऊ द्या, दोघं मिळून निस्तरू. पेपर तर जाणारच होता."

मला सरांच्या खोलीतली ती पाच मिनिटं आठवली.

"तुम्ही आल्या नाहीत, तेव्हा राग आला होता, खोटं काहून बोलू. पण मग विचार केला, पोरगी घाबरली असेल. पहिलं वर्ष. आणि खरं सांगू का, तपासायचं काम माझं होतं. जास्त ओढीला मी ताळा घेतलाच नाही. उत्तर इतकं आवडलं होतं मला." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक जाणूनबुजून थोडीच केली? तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं?"

ते मनापासून म्हणत होते. चौदा वर्षं त्यांनी स्वतःला हे समजावलं असणार, आणि त्यातून ही शांती कमावली असणार. मी इथे थांबू शकत होते. मान खाली घालून, डोळे पुसून, वहिनींनी केलेला चहा घेऊन परत येऊ शकत होते. तसं केलं असतं तर कदाचित त्यांच्यासाठीही बरं झालं असतं. अजून मला ठरवता येत नाही.

"माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"यादी चुकतेय हे. प्रत परत पाठवायच्या अकरा दिवस आधी कळलं होतं मला. माझ्या कॉपीत मी दुरुस्त केलं होतं. तुमचं गणितही लावून बघितलं होतं."

 बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"किती अणू घेतले होते?" त्यांनी विचारलं.

"बत्तीस."

"आणि?"

"थांबत नव्हता."

"जड होऊन चालत होता."

"हो."

त्यांनी बोटांनी बाकाच्या कडेवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "अकरा दिवस म्हणजे दहा मार्च."

"हो."

"चौदा तारखेला माझे बाबा पुण्याला आले होते. मी त्यांना तुमच्या टेबलाशी आणलं होतं. तुम्ही त्यांना तो आलेख दाखवला होता. हा आडवा अक्ष, हा उभा, इथं काका तुमच्या मुलाचा अणू थांबतो."

मी ते विसरले होते. ते बोलले तेव्हा आठवलं. वडिलांनी बोट लावून विचारलं होतं, इथं का? आणि मी म्हटलं होतं, हो, बरोबर इथं.

"ते गेले तीन वर्षांपूर्वी," इंगळे म्हणाले. "शेवटपर्यंत म्हणायचे, प्रल्हाद, तुहं काहीतरी घाईत झालं असेल. मी हो म्हणायचो."

"इंगळे, मी..."

"नाही. राहू द्या."

ते उठले. फळ्यावर आदल्या दिवशीचं काहीतरी लिहिलेलं होतं, ते पुसू लागले. सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मला वाटलं ते रागावतील, त्यांनी रागावायला हवं होतं. पण त्यांनी फळा पुसून झाल्यावर डस्टर खिडकीत ठेवलं आणि तिथेच उभे राहिले.

वहिनी दारात आल्या. हाताला पीठ लागलेलं. "मी भाकरी टाकतेय, वांग्याचं भरीत आहे. मॅडम, जेवूनच जाल ना?"

मी इंगळ्यांकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

"नाही," ते वहिनींना म्हणाले, "त्या निघाल्यात."